कडाक्याच्या थंडीत रायफलचा पहिला नेम: दोन दिवसांच्या शिबिराची तयारी

मिशिगनमधली डिसेंबरातली शनिवारची सकाळ. तापमान उणे सहा अंश सेल्सियस, म्हणजे इथल्या भाषेत एकवीस डिग्री. उघड्या रेंजवर, बर्फावर अंथरलेल्या चटईवर मी पालथी पडले होते, शेजारी माझी चौदा वर्षांची मुलगी. पहिल्या तेरा गोळ्यांतल्या चारच कागदाला लागल्या. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू (०.२२ इंची छोट्या गोळीच्या) रायफलने पंचवीस मीटरवर ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ पाडणं, केलेलं होतं, त्यामुळे हे जमेल असा माझा समज होता. दुपारपर्यंत कारण कळलं. नेम धरताना माझं अख्खं अंग थंडीशी झगडत होतं, आणि झगडणाऱ्या अंगावर टेकलेली रायफल स्थिर राहूच शकत नाही.

त्यानंतर आम्ही दोघी आणखी दोन हिवाळी शिबिरं करून आलो. तिथून एक गोष्ट पक्की शिकले, ती ही: थंडीत उबदार राहणं हा नेमबाजीच्या तंत्राचाच भाग आहे. रायफल कशी धरायची हे जितकं शिकावं लागतं, तितकंच हातमोजा कधी काढायचा हेही शिकावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी ज्या शिबिरांबद्दल बोलते आहे ती अमेरिकेतली 'प्रोजेक्ट ॲपलसीड'ची. रेव्होल्युशनरी वॉर व्हेटरन्स असोसिएशन ही ना-नफा संस्था ती चालवते आणि लाल टोपी घातलेले स्वयंसेवक शिकवतात. शनिवार-रविवार, दोन दिवस, अंतर पंचवीस यार्ड किंवा मीटर, बहुतेकांच्या हातात पॉइंट टू टू रायफल. पद्धत इतकी मूलभूत आहे की दुसऱ्या कुठल्या प्रशिक्षकाकडे गेलात तरी यातलं नव्वद टक्के लागू पडेल.

सगळ्यात आधी: तुम्हाला रायफल हातात घेता येते का?

हा प्रश्न आपल्या लोकांत फार कमी विचारला जातो, म्हणून तो पहिला. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार तात्पुरत्या, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे त्यात येतात, आणि भारतातून भेटीला आलेले आईबाबाही. रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राची रायफल पाच मिनिटं हातात घेणं हेसुद्धा 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं. कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला सर्वांत परिचित म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही विशिष्ट मनाई लागू नाही.

ऑफिसच्या सहलीत सगळे गेले म्हणून आपणही गेलो, फोटो टाकले, असं करणारे कितीतरी ओळखीचे आहेत. ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकत असताना असा धोका पत्करू नका. तुम्ही व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, आणि त्याचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या. राज्यांचे नियम वेगळे असतात तेही पाहा: इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांची स्वतःची ओळखपत्रं आहेत. रायफल गाडीतून नेताना रिकामी, पेटीत बंद, आणि काडतुसं वेगळ्या डब्यात ठेवली की बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. तरी दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला नियम वाचून निघा.

दोन आठवडे आधी: रायफल आणि काडतुसं

नवशिक्यासाठी अर्ध-स्वयंचलित पॉइंट टू टू रायफल सगळ्यात सोयीची. १९६४ पासून बनत असलेली रुगर टेन-ट्वेंटी-टू बहुतेकांच्या हातात दिसते, कारण तिचे सुटे भाग आणि मॅगझिन (काडतुसं भरायच्या डब्या) कुठेही मिळतात. स्वतःची रायफल नसेल तर शिबिराच्या आयोजकांना आधी कळवा. काही ठिकाणी उसनी मिळते. किमान दोन मॅगझिन हवीत, आणि एक पट्टा, ज्याला स्लिंग म्हणतात. पट्टा खांद्याला अडकवून चालण्यासाठी असतो असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. इथे तो रायफल स्थिर धरण्याचं मुख्य साधन आहे. लष्करी पद्धतीचा साधा सुती विणीचा पट्टा पुरतो.

काडतुसं दोन दिवसांत चारशे-पाचशे लागतात. दुकानात पाचशेचा खोका मिळतो, त्याला 'ब्रिक' म्हणतात. एकाच लॉटमधला एक घ्या. आधी दोन-तीन प्रकारची थोडी थोडी आणून कुठली तुमच्या रायफलीत नीट चालतात ते तपासा, आणि शक्य असेल तर ही तपासणी थंड दिवशी करा.

याचं कारण असं. पॉइंट टू टूच्या शिशाच्या गोळीवर बहुधा मेणासारखं वंगण असतं, ते थंडीत कडक होतं. दारूचा जोरही किंचित उतरतो. त्यात बोल्टवर, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागावर, घट्ट तेल किंवा ग्रीस असेल तर ते चिकट होऊन बोल्ट सावकाश सरकतो. मग रिकामं टोपण, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं आवरण, बाहेर पडत नाही, पुढचं काडतूस अर्धवट अडकतं, किंवा फायरिंग पिनचा फटका हलका बसून गोळी सुटतच नाही. पहिल्या शिबिरात माझ्या शेजारच्या गृहस्थांची अख्खी सकाळ यातच गेली. उपाय सोपा आहे: बोल्ट आणि त्याची खाच सॉल्व्हंटने धुऊन कोरडी करा, आणि पातळ सिंथेटिक तेलाचे दोन-चार थेंब बोटाने पसरून जादाचं पुसून घ्या. हिवाळ्यात तेल कमी पडलेलं चालतं, जास्त झालेलं चालत नाही.

घरी सरावही करा. रोज पंधरा मिनिटं, खोलीत एकही काडतूस नाही याची दोनदा खात्री करून, भरभक्कम भिंतीकडे तोंड करून, शिबिरात घालणार आहात तोच जाडा कोट घालून. कोटाचा आग्रह का ते पुढे येईल. एक काळजी मात्र घ्या: काही पॉइंट टू टू रायफलींची पिन रिकाम्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, कडेवर आपटून कड खराब होते. तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेत रिकामा चाप ओढायला परवानगी आहे का ते बघा. नसेल तर डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं वापरा.

कपडे: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

नेमबाजीत माणूस तासन् तास हलत नाही. बर्फात फिरायला जाताना घालतो ते कपडे इथे अपुरे पडतात, कारण चालताना अंग स्वतः ऊब तयार करतं आणि पालथं पडल्यावर जमीन ती ओढून घेते. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर घाला, सुती नको, सुती घामाने ओला झाला की वाळत नाही. त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, आणि वर वारा अडवणारं काहीतरी. पायात लोकरीचे मोजे आणि बोटं हलतील इतके सैल बूट. दोन जोड्या मोजे कोंबून घट्ट केलेल्या बुटात पाय जास्त गार पडतात.

खाली काय अंथरता याला कोटाइतकंच महत्त्व आहे. योगाची पातळ मॅट निरुपयोगी. कॅम्पिंगसाठी मिळणारी जाड, पाणी न शोषणारी फोमची चटई घ्या, जमलं तर दोन एकावर एक, आणि खाली ताडपत्री. उभं राहून नेम धरायच्या वेळी त्याच चटईचा एक तुकडा बुटांखाली ठेवा. तळपायाला इतका फरक पडतो की विश्वास बसत नाही.

आता कोटाचं. जाड कोटामुळे खांदा आणि दस्ता यांच्यात दोन-तीन बोटांची गादी तयार होते, म्हणजे रायफल तुमच्यासाठी तेवढी लांब होते. डोळा साइटपासून (नळीवरच्या नेम धरायच्या खुणेपासून) किंवा दुर्बिणीपासून मागे जातो आणि मान पुढे ताणावी लागते. दुर्बिणीत काळी कडा दिसू लागली तर ओळखा की हेच झालं आहे. दस्त्याची लांबी कमी-जास्त करता येत असेल तर एक खाच कमी करा. नसेल तर खांद्यापाशी पातळ आणि छातीवर उबदार असं काहीतरी निवडा. मी बिनबाह्यांचं जाड जाकीट घालते आणि वर एक खरखरीत लोकरी शर्ट. हा शर्ट दुसऱ्या कारणासाठीही कामाचा आहे: गुळगुळीत नायलॉनच्या बाहीवरून पट्टा कोपराकडे घसरत राहतो, लोकरीवर तो घट्ट बसतो. आणखी एक फायदा म्हणजे दंडावरचे थर नाडीचे ठोके गिळतात. उन्हाळ्यात पट्टा घट्ट केला की साइट ठोक्याबरोबर उडताना दिसते, हिवाळ्यात ते खूपच कमी होतं.

हातमोजांबाबत मी हट्टी आहे. जाड हातमोजा घालून चापावर बोट कधीच ठेवायचं नाही. बोटाला चाप जाणवतच नाही, आणि मोजाची शिवण आधीच चापाला दाबत असेल तर कळतही नाही. आतून पातळ मोजे, वरून टोपणासारखी उघडणारी मुठीची पिशवी, ही जोडी उत्तम. डावा हात झाकलेलाच ठेवा. उजव्या हाताचं टोपण फक्त गोळ्या झाडण्यापुरतं उघडा आणि लगेच मिटा. लोखंडाच्या भुकटीचे, हवा लागली की तापणारे हँड वॉर्मर उजव्या खिशात ठेवा. शिबिरस्थळी पोहोचण्याच्या अर्धा तास आधी ते फोडा, त्यांना तापायला वेळ लागतो.

कान आणि डोळे यांचं संरक्षण सक्तीचं असतं आणि थंडीत दोन्ही गोष्टी बिघडतात. लोकरी टोपीवरून कानाचे मफ चढवले की खाली फट राहते आणि आवाज आत येतो. म्हणून आधी कानात फोमचे बोळे, मग उघड्या कानांवर मफ, आणि त्यांच्यावरून टोपी. इलेक्ट्रॉनिक मफ असतील तर लिथियमचे सेल घाला, साधे सेल गारठ्यात लवकर मान टाकतात. मफलर नाकावर घेतला की श्वास वर जाऊन चष्म्यावर धुकं धरतं, तेव्हा नेम धरण्यापुरता तो हनुवटीखाली ओढा. पण गळ्याभोवती तो घट्टच हवा. शेजारच्याच्या रायफलीतून उडालेलं तापलेलं टोपण सैल गळ्यातून आत गेलं की माणूस बेभान होऊन हातातल्या रायफलीसकट वळतो, आणि ओळीतला सगळ्यात धोक्याचा क्षण तो असतो. गळा बंद असेल तर ही वेळच येत नाही. आलीच तर भाजू द्या, रायफल समोरच ठेवा, खाली टेकवा, मग टोपण काढा.

शनिवार सकाळ: नियम आणि पहिली तेरा

फायरिंग लाइनवर जाण्याआधी चार नियम सांगितले जातात आणि दिवसभर तुमच्याकडून वदवून घेतले जातात. नळी कायम सुरक्षित दिशेला. 'लोड'चा हुकूम मिळेपर्यंत रायफल भरायची नाही. साइट टार्गेटवर येईपर्यंत बोट चापाबाहेर. आणि आजूबाजूचेही हे पाळत आहेत ना याकडे तुमचं लक्ष. चौथा नियम मला विशेष भावतो, कारण तो नवशिक्यालाही बोलायचा हक्क देतो. माझ्या मुलीने एका साठीच्या माणसाला नळीबद्दल टोकलं, आणि त्याने तिचे मनापासून आभार मानले.

'सीझ फायर' ऐकलं की जिथे आहात तिथे थांबायचं. रायफल सुरक्षित म्हणजे मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे अडकवलेला, सेफ्टी लावलेली, चेंबरमध्ये रंगीत फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची खूण. मग कुणीही तिला हात लावायचा नाही, फ्लॅग नीट करायलासुद्धा नाही.

हिवाळ्याची भर अशी: पालथं पडल्यावर नळीचं तोंड बर्फात बुडालं असा नुसता संशय आला तरी थांबा आणि हात वर करा. नळीत बर्फाचा बोळा बसलेला असताना गोळी झाडली तर नळी फुगू किंवा फाटू शकते. 'पुढच्या गोळीने निघून जाईल' असं कधीही म्हणू नका. चाप ओढला आणि गोळी सुटली नाही तर नळी समोरच ठेवून तीस सेकंद थांबा आणि प्रशिक्षकाला बोलवा. दारू उशिरा पेटू शकते.

काहीही शिकवण्याआधी पहिलं टार्गेट मारायला लावतात. कागदावर लाल डगल्यातल्या ब्रिटिश सैनिकांच्या चार आकृत्या असतात, शंभर, दोनशे, तीनशे आणि चारशे यार्डांवर जितक्या दिसतील तितक्या लहान होत गेलेल्या, आणि एक छोटी पाटी. प्रत्येक आकृतीवर तीन, पाटीवर एक, अशा तेरा गोळ्या. तो कागद जपून ठेवा.

शरीराची बैठक

शिकण्याचा गाभा हा आहे, म्हणून सावकाश लिहिते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी सांगते, डावखुऱ्यांनी उलट समजावं.

पालथं पडताना शरीर रायफलीच्या रेषेला तिरपं ठेवा. डावा कोपर रायफलीच्या बरोबर खाली जाईल तितका न्या. पट्ट्याचा फास डाव्या दंडावर उंच, काखेजवळ. डावा हात पट्ट्याच्या बाहेरून फिरवून आत घ्या, रायफल तळव्यावर नुसती टेकलेली, बोटं सैल. मूठ आवळली की स्नायू काम करू लागतात आणि स्नायू थरथरतात. पट्टा इतका ताणलेला हवा की डावा हात पूर्ण ढिला सोडला तरी रायफल पडणार नाही. उजवा गुडघा वर ओढून घ्या, त्याने पोट जमिनीवरून उचललं जातं आणि श्वासाचा धक्का कमी होतो. थंडीत याचा दुसरा लाभ म्हणजे जमिनीला टेकलेलं अंग कमी होतं.

आता ज्याला इंग्रजीत नॅचरल पॉइंट ऑफ एम म्हणतात ते. मी मुलीला समजावलं ते असं: तुझं अंग ढिलं सोडल्यावर रायफल स्वतःहून जिथे बघते ती जागा. साइट टार्गेटवर आणा. डोळे मिटा. एक श्वास घ्या, सोडा, सगळं अंग ढिलं करा. डोळे उघडा. साइट डावीकडे गेली असेल तर रायफल हाताने ओढून परत आणायची नाही. डावा कोपर खुंटीसारखा तिथेच ठेवून कमरेपासून अख्खं शरीर थोडं सरकवा. वर-खाली फरक असेल तर अंग किंचित पुढे किंवा मागे घ्या. पुन्हा डोळे मिटा. तीन-चार वेळा करावं लागतं, आणि तेवढा वेळ द्यायलाच हवा. हाताने ओढून बसवलेला नेम चाप ओढताना मूळ जागी परत जातो, म्हणून गोळ्या एका बाजूला ओळीने पडत जातात.

गारठ्यात हे का हुकतं? कारण थंडी वाजणारा माणूस नकळत खांदे कानाकडे ओढतो आणि दात आवळतो. अंग ढिलं होतच नाही. म्हणून मी डोळे मिटल्यावर आधी जबडा सोडते, मग खांदे, मग डावी मूठ, याच क्रमाने. कुडकुडी सुरू झाली असेल तर तो फेरा सोडून द्या, उठा, बुटांखाली चटई घेऊन दोन मिनिटं जागच्या जागी पावलं मारा. कुडकुडत झाडलेल्या दहा गोळ्यांपेक्षा न झाडलेल्या दहा बऱ्या.

बसून नेम धरण्याच्या पद्धतीत एकच सूत्र: कोपराचं हाड गुडघ्याच्या हाडावर टेकू नये, ते घसरतं. कोपराच्या वरचा मांसल भाग गुडघ्याच्या पुढे जाऊ द्या. उभ्याने नेम धरणं सगळ्यात अवघड. तिथे रायफल स्थिर राहणारच नाही हे मान्य करा आणि ती ज्या लहानशा वर्तुळात फिरते ते वर्तुळ टार्गेटवर ठेवा. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्येच: गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने. त्याचं अंतिम फेरीचं चित्रीकरण मुलीबरोबर बसून पाहा. गोळीआधी किती वेळ काहीच हालचाल होत नाही, ते बघण्यासारखं आहे.

गोळी झाडण्याच्या सहा पायऱ्या

१. पुढची आणि मागची साइट एकमेकींशी जुळवा.
२. जुळलेली जोडी टार्गेटवर आणा.
३. श्वास सोडा आणि सोडून झाल्यावरच्या नैसर्गिक विरामात थांबा.
४. नजर पुढच्या साइटवर, म्हणजे आपल्याकडे जिला माशी म्हणतात तिच्यावर, आणि मन ती माशी टार्गेटवर ठेवण्यावर.
५. चाप सरळ मागे, सावकाश दाबत न्या.
६. गोळी सुटल्यावर चाप मागेच धरून ठेवा, आणि सुटताना माशी कुठे होती ते मनात नोंदवा.

तिसऱ्या पायरीला हिवाळ्यात एक गोम आहे. सोडलेल्या श्वासाची वाफ दुर्बिणीसमोर पसरते किंवा मागच्या काचेवर गोठते. श्वास तोंडाने, खालच्या बाजूला, हळू सोडा. पाचव्या पायरीत बोट बधिर असेल तर चाप 'दाबला' जात नाही, 'ओढला' जातो. प्रत्येक पाच गोळ्यांनंतर अंगठ्याने तर्जनीचं टोक चोळून बघा. स्पर्श नीट कळत नसेल तर बोट काखेत घाला आणि परत कळेपर्यंत झाडू नका. बोट पांढरं पडून बधिर झालं असेल तर दिवसाची घाई सोडा, आत ऊब असेल तिथे जा. ते बर्फाने किंवा कशानेही जोरात चोळू नका, आणि तापलेला पॅक उघड्या कातडीला थेट लावू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

सहावी पायरी लोक गाळतात, आणि सुधारणा तिथेच असते. गोळी सुटल्या क्षणी 'उजवीकडे खाली' असं मनात म्हणा, मग कागद पाहा. तुमचं सांगणं आणि भोक जुळू लागलं की चूक रायफलीची, काडतुसाची की तुमची, हे वेगळं काढता येतं. माझ्या प्रशिक्षकाने मॅगझिनमध्ये मला न कळत एक डमी काडतूस मिसळून दिलं. चाप ओढला, आवाज झाला नाही, पण नळी मात्र खाली झुकली. धक्क्याआधीच मी दचकत होते, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. हा प्रयोग मागून घ्या.

रायफल झिरो करणं

झिरो करणं म्हणजे साइट जिथे दाखवते तिथेच गोळी पडेल अशी साइट बसवणं. पाच-पाच गोळ्यांचे गट काढा. पंचवीस यार्डांवर एका इंचाच्या चौकोनात पाच गोळ्या, हे गाठायचं माप. गट लहान व्हायला लागल्याशिवाय साइटचे खटके फिरवू नका. सैल गटाचा मध्य दर वेळी वेगळा येतो. गट बसला की त्याचा मध्य आणि टार्गेटचा मध्य यांतलं अंतर मोजा. बहुतेक दुर्बिणींचा एक खटका पाव मिनिटाचा (हे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) असतो, म्हणजे पंचवीस यार्डांवर इंचाचा सोळावा भाग. अर्धा इंच डावीकडे असाल तर आठ खटके उजवीकडे. सकाळी आणि दुपारी तापमान बरंच बदललं तर पुन्हा एक गट काढून तपासा. काडतुसं दिवसभर एकाच जागी ठेवा, सगळी आतल्या खिशात किंवा सगळी बाहेरच्या डब्यात. काही उबदार आणि काही गोठलेली झाली तर गट वर-खाली पसरतो.

दुपारची सुट्टी

डबा उघडण्याआधी हात साबणाने, गार पाण्यानेच, नीट धुवा. बोटांना शिसं लागलेलं असतं. नळ गोठला असेल तर शिसं काढणारे खास ओले रुमाल मिळतात ते न्या. सॅनिटायझरने शिसं जात नाही. त्यानंतर डिंकाचा लाडू, तिळाची पोळी, थर्मासमधला गरम चहा, जे जवळ असेल ते भरपूर खा. उपाशी अंग ऊब धरत नाही, आणि थंडीत तहान लागत नसली तरी पाणी प्यावं लागतं. गरोदर असाल किंवा लहान बाळाला पाजत असाल तर येण्याआधी डॉक्टरांशी बोला.

सुट्टीत १९ एप्रिल १७७५ ची, म्हणजे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं त्या दिवसाची, हकिगत सांगतात: पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानात कॅप्टन जॉन पार्करच्या सत्तरेक माणसांसमोर उभी राहिलेली ब्रिटिश फौज, तिथे पडलेले आठ जण, मग कॉनकॉर्डच्या नॉर्थ ब्रिजवर मारला गेलेला ॲक्टनचा बंदुका बनवणारा आयझॅक डेव्हिस. शेतकरी आणि कारागीर होते ते. मला ऐकताना आठवत राहिलं की त्याच वर्षी मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेचा तह केला आणि मे महिन्यात अडासला मराठे आणि इंग्रज भिडले. एकाच वसंतात दोन खंडांवर सुरू झालेली ही दोन युद्धं. मुलीला गाडीत परतताना ती जोड सांगितली तेव्हा तिने घरी जाऊन नकाशा काढला.

रविवार: कसोटी

दुसऱ्या दिवशी जे शिकलो ते वेळेत करायचं असतं. कसोटी चाळीस गोळ्यांची, गुण दोनशे पन्नास. दोनशे दहा मिळाले की 'रायफलमन'चा बिल्ला. पहिला टप्पा उभ्याने, दोन मिनिटांत दहा. दुसरा उभ्यावरून बसून किंवा गुडघ्यावर, पंचावन्न सेकंदांत दहा, दोन टार्गेटांवर. तिसरा उभ्यावरून पालथं पडून, पासष्ट सेकंदांत दहा, तीन टार्गेटांवर. चौथा पालथ्यानेच, पाच मिनिटांत दहा, चार टार्गेटांवर, आणि इथले गुण दुप्पट.

दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात एका मॅगझिनमध्ये दोन आणि दुसऱ्यात आठ काडतुसं असतात, म्हणजे मध्ये मॅगझिन बदलावं लागतं. बधिर अंगठ्याने मॅगझिनची कळ सापडत नाही, तिथे दहा सेकंद जातात. म्हणून या टप्प्यांआधीच्या तयारीच्या वेळात दोन्ही हात खिशात, हँड वॉर्मरवर. घरच्या सरावात पातळ मोजे घालून, रिकामी मॅगझिन डोळे न वळवता पन्नास वेळा बदला. टार्गेट बदलताना पुन्हा तेच सूत्र: रायफल नाही, शरीर वळवा. डावा कोपर तिथेच.

गुणांचा विचार केला तर चौथ्या टप्प्यावर लक्ष द्या. शंभर गुण तिथे आहेत आणि वेळ भरपूर आहे. पाच मिनिटांत दोनदा उजवा हात टोपणात घालून ऊब घ्यायलाही सवड मिळते. मला पहिल्या शिबिरात एकशे बासष्ट मिळाले, तिसऱ्यात दोनशे चौदा, आणि वाढीतले निम्म्याहून अधिक गुण या एका टप्प्यातले होते.

संध्याकाळी घरी

गारठलेली रायफल उबदार घरात आणून लगेच पेटी उघडली तर आतल्या हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं, नळीच्या आत आणि बोल्टच्या फटींतही. रायफल रिकामी असल्याची खात्री रेंजवरच करा, पेटी बंद आणा आणि तीन-चार तास तशीच राहू द्या. ती खोलीच्या तापमानाला आली की उघडा, चेंबर पुन्हा तपासा, पुसून कोरडी करा, पातळ तेलाचा हात फिरवा आणि कुलुपात ठेवा. शनिवारी रात्रीही हेच. नाहीतर ओलसर राहिलेला बोल्ट रविवारी सकाळी गोठून बसेल. रेंजवरचे कपडे वेगळे धुवा आणि बूट दाराबाहेर झटका, शिशाची धूळ गालिच्यावर नको.

रविवारी शेवटी लाल डगल्यांचं तेच टार्गेट पुन्हा देतात. शनिवारचा कागद आणि हा कागद, दोन्हींच्या मागे तारीख, तापमान, काडतुसाचं नाव आणि साइटचे खटके कुठे होते ते पेन्सिलीने लिहून ठेवा. शाई थंडीत उमटत नाही.